अंगुरीबाईची मूठ

अंगुरीबाई जेवायला बसल्या की आधी मूठ वळायच्या. उजव्या हाताचा अंगठा आत, त्यावर चारी बोटं मिटलेली, आणि ती मूठ ताटाशेजारी जमिनीला टेकवलेली. मग डोळे मिटून ओठांतल्या ओठांत नवकार मंत्र. मंत्र संपला की मूठ उघडायची आणि त्यानंतरच पहिला घास. जेवण आटोपलं, चूळ भरून झाली, की हात जोडून पुन्हा नियम घ्यायचा: आता पुढची मूठ सुटेपर्यंत अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. वाशीमच्या जैन घरांतल्या बऱ्याच म्हाताऱ्या हा मुठीचा नियम पाळत, पण अंगुरीबाईंचं पाळणं म्हणजे पाळणं. एकदा खांडव्याची गाडी शिट्टी देत होती तरी त्यांनी फलाटावरच्या बाकाला मूठ टेकवून मंत्र पुरा केला, हातातली पुरी खाल्ली आणि मगच डब्यात पाय ठेवला. गाडीचा गार्डही बघत राहिला होता म्हणतात.

त्यांची सून गुलाबबाई लग्न होऊन मंगरूळपीरहून आली तेव्हा तिला या प्रकाराचं फार हसू यायचं. मीठ चाखून बघा म्हणून पळी पुढे केली, तरी सासूबाई आधी मूठ वळणार. तोवर भाजी करपली तरी बेहत्तर. "माँजी, एवढ्याशा रश्श्याले कायची मूठ?" असं ती एकदा बोलून गेली, आणि नंतर कितीतरी दिवस घरात तिच्याशी कोणी धड बोललं नाही. पुढे सवय झाली. सासूची मूठ ही भिंतीवरच्या घड्याळासारखी होऊन गेली, रोज समोर असून कोणी मुद्दाम बघत नाही अशी. तेव्हा बघितलं असतं तर पुढचा जिवाला लागलेला घोर टळला असता.

दिवाळी सरली, थंडी पडायला लागली, आणि एका सकाळी माठावर फडकं धरून पाणी गाळता गाळता अंगुरीबाई ज्या खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. उजवं अंग पार गेलं, वाचाही गेली. मुलगा कैलासचंद कापडाच्या दुकानातून धावत आला, टांगा केला आणि आईला डॉक्टर काळबांडे यांच्या नर्सिंग होममध्ये घेऊन गेला. नर्सिंग होम हे नाव भारदस्त, पण खाली तपासणीची खोली, मागे खाटांची एक रांग, कडेला दोन वेगळ्या खोल्या आणि वर डॉक्टरांचा संसार, एवढाच त्याचा पसारा. त्यातली एक खोली अंगुरीबाईंना मिळाली.

जीव वाचला. पण त्याला वाचणं म्हणावं का, असा प्रश्न गुलाबबाईला पहिले काही दिवस रोज पडायचा. माँजींना कूस बदलता येत नव्हती. तोंडातून 'अं अं' एवढाच आवाज. उजवा हात पिळून टाकलेल्या फडक्यासारखा खाटेवर पडलेला असायचा. ज्या बाईच्या नुसत्या खाकरण्यानं घर सरळ व्हायचं, तिची लुगडी आता सून बदलत होती. एक गोष्ट मात्र चांगली होती. "गिळता येतंय, हे नशीब समजा," डॉक्टर म्हणाले होते. गुलाबबाई घरून मुगाचं पाणी आणायची, दिवस मावळायच्या आत चमच्यानं पाजायची, आणि माँजी वाटी संपवायच्या.

डॉक्टरांनी व्यायामासाठी अंजनाला लावून दिलं. ही नागपूरला रीतसर फिजिओथेरपी शिकून आलेली, पण गावानं तिचं नाव 'मालिशवाली' ठेवून टाकलं होतं, आणि ते ऐकलं की तिच्या कपाळावर आठी चढायची. पहिल्या दिवशी ती दारातच उभी राहिली.

"मी रिठदची. बौद्ध," तिनं सांगितलं. "आजीच्या अंगाले रोज हात लावा लागीन. चालत असंन तर हो म्हना, नसंन चालत तर आत्ताच सांगा. मंग मधातच नाटक नको."

"इलाजाले कायची जातपात?" कैलासचंद म्हणाला. दुकानात बसून बसून त्याची जीभ गोड झाली होती, पण बोलताना त्यानं खाली फरशीकडे बघितलं, हे गुलाबबाईच्या नजरेतून सुटलं नाही. माँजींनी आयुष्यात कोणाकोणाला माठाजवळ फिरकू दिलं नव्हतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. माँजी मात्र अंजनाकडे टक लावून बघत होत्या. अंजनानं त्यांचा लुळा हात उचलला, एका हातानं खांदा धरला आणि सावकाश हात वर नेला. माँजींनी डोळे मिटून घेतले.

"आज हात ढिला हाय म्हणून बेफिकीर राहू नका, भाभी," अंजना गुलाबबाईला म्हणाली. "थोड्या दिवसानं याच हातात ताठरपना येईन. बोटं आत वळतीन. तेवा झटका देऊन वढाचं नाई. झटका देल्ला का हात आनखी आखडते. आन पेशंटचा जीव घाबरला तरी आखडते."

झालंही तसंच. आधी कोपर मुडपलं, मग मनगट, आणि मग बोटं एकेक करून आत वळायला लागली. शेवटी अंगठाही आत गेला. अंजना गरम पाण्याचा शेक द्यायची, मनगट आणखी खाली वाकवून बोटं ढिली करायची, अंगठ्याच्या मुळाशी धरून त्याला हळूहळू बाहेर आणायची. तेवढा वेळ हात उघडा राहायचा. तिनं सोडला की थोड्याच वेळात पुन्हा मूठ घट्ट.

आणि त्याच सुमाराला अंगुरीबाईंनी खाणं सोडलं.

आधी गुलाबबाईला वाटलं, मुगाचं पाणी खारट झालं असेल. तिनं बदलून पेज आणली, ताक आणलं, सफरचंद उकडून कुस्करून आणलं. चमचा ओठांना लागला की माँजी ओठ आवळून घ्यायच्या आणि मान फिरवायच्या. "भूक नसंन," कैलासचंद म्हणाला. पण भूक नसेल तर वाटी ठेवायला सून कोनाड्याकडे गेली की माँजींचे डोळे तिच्या मागोमाग कोनाड्यापर्यंत का जात होते? अधूनमधून अंजनाच्या व्यायामाच्या वेळी त्या दोन चमचे पाणी घेत, एरवी नाही. गुलाबबाईला याचं वाईटही वाटलं. आपल्या हातचं नको आणि त्या पोरीसमोर चालतं! मग स्वतःच्याच मनाची तिला लाज वाटली.

डॉक्टरांनी सलाइन लावलं, पण तेही सुईला शीर सापडेपर्यंत. "असं किती दिवस चालणार?" ते वैतागून म्हणाले. "नाकातून नळी टाकू."

इथे कैलासचंद बोलला. आईला तो 'बाई' म्हणायचा. खाली मान घालून, हळू आवाजात बोलला, पण बोलला. "डॉक्टरसाहेब, नळी नको. आमच्या बाईनं संथारा घेतला, असं मले वाटते."

संथारा म्हणजे आयुष्याची अखेर आली हे ओळखून, समजून-उमजून, अन्नपाणी सोडून शांतपणे देह ठेवायचं व्रत. कैलासचंदच्या वडिलांनी, माणिकचंदांनी, तो घेतला होता. अंगुरीबाई अखेरपर्यंत त्यांच्या उशाशी बसल्या होत्या, आणि तेरवीच्या गर्दीत पाच जणांसमोर म्हणाल्या होत्या, "मलेही असंच मरन येवो." हे सगळ्यांनी ऐकलेलं. त्यामुळे कैलासचंदचं बोलणं बिरादरीत कोणाला खोटं वाटलं नाही. ज्यानं ऐकलं त्यानं हात जोडले.

पाळीपाळीनं माणसं दर्शनाला येऊ लागली. खोलीत चप्पल काढून यायची, खाटेच्या पायथ्याशी वाकायची, 'धन्य हो' म्हणायची. कैलासचंदच्या मावशी तर सकाळपासून खुर्ची अडवून बसायच्या. संथाऱ्यातल्या जिवाला आता व्यायामाचा छळ कशाला, असं त्यांनीच काढलं. वर बाहेर ओसरीत त्या हेही बोलल्या की, ज्या दिवसापासून त्या रिठदवालीचा हात लागला त्या दिवसापासून आमच्या बहिणीनं तोंड मिटलं. अंजना तेव्हा तिथूनच चालली होती. तिनं ऐकलं आणि मागच्या खाटांकडे निघून गेली. त्या दिवसापासून या खोलीत तिचं येणं बंद झालं, आणि माँजींची मूठ दगडासारखी झाली.

"महासतीजी हिंगोलीहून निघाल्या," कैलासचंदनं एका संध्याकाळी सांगितलं. साध्वी पायी विहार करत वाशीमकडे येत होत्या. त्या आल्या की त्यांच्या तोंडून विधिपूर्वक संथाऱ्याची प्रतिज्ञा द्यायची, मग आईला घरी न्यायचं, असं त्यानं आणि मावशींनी ठरवलं होतं. एकदा प्रतिज्ञा झाली की सलाइनही काढायचं आणि कोणी पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. दिला तर तो व्रतात अंतराय, मोठं पाप.

गुलाबबाईचा जीव थाऱ्यावर राहिना. संथारा काय असतो ते तिनं सासऱ्यांच्या वेळी पाहिलं होतं. त्यांच्या समोरून ताट नेलं तरी त्यांची पापणी हलली नव्हती. आणि इथे माँजी? वाटी दिसली की त्यांचा घसा हलतो. संथारा घेतलेलं माणूस असं वाटीकडे बघतं का? पण हे विचारायचं कोणाला? सुनेनं तोंड उघडायचा अवकाश, लगेच म्हणतील, धर्माच्या आड आली. आणि गप्प बसावं, तर भुकेलं माणूस डोळ्यांदेखत मारलं, हे आयुष्यभर कोण विसरू देईल?

महासतीजी कनेरगावला पोचल्याचा निरोप आला. उद्या सकाळी वाशीम. दुपारची वेळ होती, मावशी जेवायला घरी गेल्या होत्या, कैलासचंद साध्वींच्या मुक्कामाची व्यवस्था बघायला जैन स्थानकात गेला होता. खोलीत सासू आणि सून दोघीच. गुलाबबाईनं पुन्हा मुगाचं पाणी आणलं होतं. चमचा पुढे केला. ओठ बंद.

"माँजी, तुमाले मरायचं हाय का?" तिनं विचारलं. "हाय तर मान हालवा. नाई तर घ्या."

माँजींनी मान हलवली नाही. वाटीकडे बघत राहिल्या. डोळ्यांतून पाणी निघून कानाकडे वाहिलं.

"मंग घ्या ना हो! काहून असा जीव खाऊन राह्यल्या माझा?" गुलाबबाईचा संयम सुटला, तिनं चमचा वाटीत टाकला आणि मूठ आवळून खाटेच्या लोखंडी पट्टीवर दाणकन आपटली. हात तसाच तिथे ठेवून ती रडायला लागली.

मग तिला आवाज ऐकू आला. माँजींचे ओठ हलत होते. 'अं अं' नव्हतं ते. "न... मो... न... मो..." असं नवकार मंत्रातलं काहीतरी होतं, चिखलातून पाय काढावा तसा एकेक शब्द ओढत आणलेला. त्या सुनेच्या मुठीकडे बघत होत्या. पट्टीला टेकलेली मूठ, अंगठा आत. गुलाबबाईनं डोळे पुसायला हात उघडला, आणि माँजींचं तोंड उघडलं.

तिनं चमचा उचलला, पुढे नेला. तेवढ्यात माँजींची नजर स्वतःच्या छातीवर पडलेल्या उजव्या हाताकडे गेली. अंगठा आत, चार बोटं घट्ट मिटलेली. त्यांनी ओठ आवळले आणि मान फिरवली.

गुलाबबाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हात लुळा, उघडा होता तोवर माँजी जेवत होत्या. मूठ वळली आणि खाणं बंद झालं. अंजना हात उघडून धरायची तेवढ्यापुरतं पाणी घेत होत्या. बाई भुकेनं मरायला टेकली होती आणि नियम मोडायला तयार नव्हती! डाव्या हाताचीच मूठ वळून सोडावी म्हटलं, तर डाव्या हातानं अंगुरीबाईंनी जन्मात पुण्याचं काम केलं नव्हतं, आणि उजव्याची आखडलेली बोटं एकट्या डाव्यानं सुटणारी नव्हती.

ती पळत मागच्या खाटांकडे गेली. अंजना एका म्हाताऱ्याचा गुडघा हलवत होती.

"अंजनाबाई, मूठ! मुठीपाई जेवत नाई त्या!"

काय ते अंजनाला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा ती चिडली. "अवं भाभी, हे मले आधी काहून नाई सांगतलं? मी म्हनत होतो, शेकानं बरं वाटते म्हणून पाणी घेत असंन आजी."

"मलेच ध्यानात नाई आलं. रोज पाह्यलेली मूठ, अन मलेच!"

दोघी खोलीत आल्या. अंजनानं गरम पाणी मागवलं, शेक दिला, मनगट वाकवलं. पण इतके दिवस व्यायाम बंद, बोटं जागची हलेनात. त्यात मावशी परत आल्या, त्यांच्यामागे दर्शनाला चार बायका. "हे काय चाललंय?" मावशींचा आवाज चढला, तशी मूठ अंजनाच्या हातात आणखी घट्ट झाली. अंगठ्याचं नख तळव्यात रुतलेलं दिसत होतं. खिडकीतून ऊन सरकत भिंतीवर चढलं आणि दिसेनासं झालं. दिवस मावळला. मावळल्यानंतर माँजी काही घेणार नव्हत्या, मूठ उघडली असती तरी. हिवाळ्याची ती सगळी रात्र आणखी एक उपास.

कैलासचंद आला तसं गुलाबबाईनं त्याला ओसरीत गाठलं आणि सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आशा येत होती आणि तितक्याच वेगानं भीती तिला पुसत होती.

"अन तसं नसंन तर?" तो शेवटी म्हणाला. "बाईच्या मनात संथाराच असंन, अन मी आडवा आलो, तर? अंतराय मले लागन, गुलाब. बाप गेला तेवा तिनं काय म्हटलं थे तूही आयकलं."

"अन मुठीचाच नियम असंन, अन तुमी प्रतिज्ञा देऊन टाकली, तर?"

तो खांबाला टेकून उभा राहिला. दुकानात हजार प्रकारची गिऱ्हाइकं हाताळणारा माणूस, पण स्वतःच्या आईच्या मनात काय आहे ते त्याला ओळखता येत नव्हतं, आणि ते विचारायचीही सोय राहिली नव्हती. गुलाबबाईला त्याचा राग आला आणि कीवही आली.

सकाळी महासतीजी आल्या. अनवाणी पाय, पांढरी वस्त्रं, तोंडावर मुहपत्तीची पांढरी पट्टी. पायांना भेगा पडल्या होत्या. त्यांच्यामागे अर्धी बिरादरी नर्सिंग होमच्या ओसरीत दाटली. डॉक्टर काळबांडे स्वतःच्याच दवाखान्यात पाहुण्यासारखे एका कोपऱ्यात उभे राहिले. मावशींनी पुढे होऊन सगळी हकिकत सांगितली. महासतीजींनी ती ऐकून घेतली आणि खाटेवरच्या बाईकडे बराच वेळ बघितलं.

"संथारा ज्याचा त्यानं मागायचा असतो," त्या म्हणाल्या. "यांनी मागितला का?"

"वाचा नाही, महाराज," कैलासचंद हात जोडून म्हणाला. "पण अन्न सोडलं..."

"अन्न सोडणं आणि अन्न सुटणं वेगळं."

सासरच्या एवढ्या माणसांपुढे गुलाबबाई आजवर मोठ्यानं बोललेली नव्हती. तिनं डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला, जणू पदराआड असल्यावर बोलणारी ती नव्हेच.

"माँजीनं संथारा नाई घेतला," ती म्हणाली. "त्याईचा मुठीचा नियम हाय. लकव्यानं मूठ वळली, थे सुटत नाई, म्हणून त्या जेवत नाईत. त्याईले भूक लागली हाय, महाराज. मी रोज पाहून राह्यली."

"काहीतरीच!" मावशी म्हणाल्या. पण कैलासचंदनं हात वर करून त्यांना थांबवलं. महासतीजींची नजर अंगुरीबाईंच्या छातीवरच्या मुठीवर गेली. आत दबलेला अंगठा त्यांनी पाहिला. खायला घाला किंवा घालू नका, असं काही साध्वी सांगत नसतात. त्यांनीही सांगितलं नाही. "नियम ज्यांचा, त्यांचा त्यांना पाळू द्या," एवढंच म्हणून त्या दारापासून बाजूला झाल्या.

"मले खोली खाली पायजे," अंजना म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली, कोणाला कळलंच नव्हतं. "सगळे भाईर. इतके लोक पाहून आजी घाबरते."

कोणी हललं नाही. सगळे कैलासचंदकडे बघत होते. रात्रभर न झोपल्यानं त्याचे डोळे लाल झाले होते. तो एकदम मावशींकडे वळला. "चला भाईर," तो म्हणाला. "मीही निंगतो." आणि जाताना त्यानं दार ओढून घेतलं.

आत तिघी उरल्या. अंजनानं शेक दिला. खांदा धरून दंड सैल केला, मग कोपर, मग मनगट खाली वाकवलं. घाई कुठेच नाही. गुलाबबाई वाटी घेऊन उभी होती, आणि वाटीत चमचा किणकिण वाजत होता.

"भाभी, तुमी थरथरून राह्यल्या. आजीले थे कळते," अंजना हळूच म्हणाली. "वाटी ठेवा. बसा. काही तरी म्हना, तुमच्या घरात म्हनता थे."

गुलाबबाई खाटेच्या कडेला बसली. तिनं स्वतःचा उजवा हात घेतला, अंगठा आत घातला, मूठ वळली आणि माँजींना दिसेल अशी पट्टीला टेकवली. "नमो अरिहंताणं," तिनं सुरू केलं. पुन्हा म्हटलं. तिसऱ्या वेळी माँजींचे ओठ हलले. "न... मो..." आणि मग, जी बाई इतके दिवस एक शब्द धड बोलली नव्हती, ती सुनेच्या आवाजाला धरून पुढे निघाली. अर्धे शब्द सांडत होते, अर्धे जुळत होते, पण चाल बरोबर होती. अंजनाच्या हातांतला ताण उतरताना गुलाबबाईला दिसत होता. करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. मधेच कुठेतरी ओसरीत कोणी खोकलं आणि बोटं परत आत ओढली गेली. गुलाबबाई थांबली नाही. मंत्र संपला तसा पुन्हा पहिल्यापासून धरला.

अंगठा सगळ्यात शेवटी आला. अंजनानं तो मुळापासून धरून बाहेर काढला, आणि तळवा उताणा झाला. आत नखाची खोल लाल खूण होती. अंजना आपल्या दोन्ही हातांत तो उघडा तळवा धरून बसली. श्वासही जपून घेत होती.

गुलाबबाईनं आपली मूठ उघडली. "माँजी," ती म्हणाली, "सुटली."

अंगुरीबाईंनी मान उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही, तेव्हा नुसते डोळे खाली नेऊन त्यांनी तो तळवा पाहिला. आणि तोंड उघडलं. गुलाबबाईनं चमचा पुढे केला. एक घोट गेला. दुसरा गेला. ओघळ हनुवटीवरून गळ्याकडे गेला तो पुसायचंही तिला भान नव्हतं. वाटी रिकामी झाली, दुसरी भरली. दार कधी उघडलं ते कोणाला कळलं नाही. कैलासचंद उंबऱ्यात उभा होता आणि तोंडावर उपरणं दाबून हमसाहमशी रडत होता.

पोट भरलं तशी अंगुरीबाईंनी मान फिरवली. गुलाबबाईनं ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड पुसलं. मग त्यांचा डावा हात, चांगला हात, पांघरुणाखालून निघाला आणि छातीवरून सरकत सरकत अंजनाच्या हातांपर्यंत आला. त्या हातानं अंजनाची बोटं एकेक करून बाजूला केली. उताण्या तळव्यावर आधी अंगठा आडवा ठेवला. त्यावर एक बोट मिटलं, मग दुसरं. बोटं घसरत होती, पण म्हातारी हटायला तयार नव्हती. चारी बोटं मिटून झाली तेव्हा तिनं मूठ नीट पाहून घेतली आणि समाधानानं डोळे मिटले.

"अवं माय!" अंजना म्हणाली. "इतक्या मेहनतीनं सोडली, आन आजीनं पुन्हा वळली!"

गुलाबबाई रडता रडता हसायला लागली. "नियम घेतला माँजीनं," ती म्हणाली. "आता संध्याकाळच्या जेवणाले सुटन. अंजनाबाई, दिवस मावळायच्या आत याल ना?"

अंजना उठली, गरम पाण्याचं भांडं उचललं. दारात कैलासचंद तिला वाट देण्यासाठी बाजूला झाला, आणि या वेळी त्यानं फरशीकडे बघितलं नाही.

"येतो," ती म्हणाली. "रोज येतो."